चित्रकाराची पत्रिका रद्दीत घालू नका

उज्जैनला महाकालाचे दर्शन आटोपले की पुष्कळ यात्रेकरू संध्याकाळी फ्रीगंजकडे वळतात. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांपासून दूर, रेल्वेमार्गाच्या पलीकडे वसलेला हा बाजारपेठेचा भाग. इथे घड्याळाचा मनोरा आहे, म्हणून चौकाचे नाव टावर चौक. चाट आणि पाणीपुरीसाठी हा चौक प्रसिद्ध आहे. कोल्हापूरची खाऊ गल्ली किंवा सणासुदीचा बेळगावचा खडेबाजार डोळ्यांपुढे आणा, म्हणजे वर्दळीची कल्पना येईल.

अशा चौकात माणसाच्या हाती किती कागद पडतात! शिकवणीची जाहिरात, सेलचे पत्रक, नाटकाचा कार्यक्रम, आणि एखादे वेळी चित्रप्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका. ती आपण घडी घालून खिशात ठेवतो. धुण्यात गेली नाही तर घरी टेबलावर पडते, तिथून वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात जाते, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत चढते. ती गेल्याची कुणाला चुटपुटही लागत नाही.

आजचा विषय हाच कागद आहे. आपल्या काळातल्या चित्रकारांनी छापलेली पत्रिका, पोस्टर, प्रदर्शनाचे माहितीपुस्तक, चार पानी अनियतकालिक, हाताने छापलेले भेटकार्ड, थोड्याच प्रती काढलेले पुस्तक. चित्र विकत घेणे सगळ्यांना परवडत नाही. हे कागद मात्र कुणालाही जमवता येतात, आणि अनेकदा फुकट मिळतात. जगातली मोठी संग्रहालये आज त्यांच्या शोधात आहेत. आपल्या सीमाभागातल्या घरांत ते अजून शिल्लक असण्याची शक्यता आहे. पण किती दिवस, हा प्रश्न आहे.

सात दिवसांचे प्रदर्शन

उज्जैनचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे कार्तिकी एकादशीला पंढरपुरात वारकऱ्यांची दाटी असते, त्याच तिथीला उज्जैनमध्ये कालिदास समारोह सुरू होतो. पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या खटपटीतून १९५८ साली हा उत्सव उभा राहिला आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. संस्कृत नाटके, व्याख्याने, नृत्य, संगीत यांच्या जोडीला इथे कालिदासाच्या साहित्यावर आधारलेल्या चित्रांचे आणि शिल्पांचे प्रदर्शनही भरते. आठवडाभर गर्दी होते, मग भिंती रिकाम्या होतात. चित्रे ज्याची त्याच्याकडे परत जातात, काही विकली जातात, काही पावसाळ्यात खराब होतात.

वीस वर्षांनी कुणी विचारले की अमुक साली इथे कोणकोणत्या चित्रकारांनी चित्रे लावली होती, तर सांगणार कोण? प्रदर्शनाची छापील यादी ज्याने जपली, तो. दुसरा साक्षीदार बहुधा नसतोच.

आता याच कालिदासाची दुसरी छापील वस्तू बघा. २२ जून १९६० रोजी टपाल खात्याने मेघदूत आणि शाकुंतल यांच्यावर दोन तिकिटे काढली. एक पंधरा नव्या पैशांचे, दुसरे एक रुपया तीन नव्या पैशांचे. ती देशभरच्या पोस्टांत विकली गेली, तरीही आज कित्येक घरांतल्या अल्बममध्ये ती व्यवस्थित सापडतील. कारण तिकिटे जमवावीत हे आपल्याला लहानपणीच कुणीतरी शिकवलेले असते. त्यांचे अल्बम मिळतात, सूचिग्रंथ मिळतात, चिमटा कसा धरायचा तेही ठाऊक असते. प्रदर्शनाच्या पत्रिका मात्र दोनशे, तीनशे, फार तर पाचशे छापल्या जातात, आणि त्या जपायला आपल्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून लाखांनी छापलेले तिकीट टिकले आणि शेकड्याने छापलेली पत्रिका नाहीशी झाली.

एका पातळ पुस्तिकेवर उभा इतिहास

कागदाच्या चिटोऱ्याला एवढे महत्त्व कशाला, असे कुणाला वाटेल. त्यांच्यासाठी मुंबईची हकीगत सांगण्यासारखी आहे. जुलै १९४९ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे प्रदर्शन भरले. गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, मध्य प्रांतातून आलेले रझा, इंदूरशी नाते असलेले हुसेन, के. एच. आरा, आणि आपले दोन मराठी कलावंत, चित्रकार ह. अ. गाडे आणि शिल्पकार स. कृ. बाकरे. तेव्हा या सहा जणांना फारसे कुणी ओळखत नव्हते. प्रदर्शनाबरोबर एक साधी पुस्तिका छापली होती आणि तिच्यात सूझा यांनी गटाची भूमिका मांडली होती.

आज भारतीय आधुनिक चित्रकलेवरचे कोणतेही पुस्तक उघडा, त्या भूमिकेचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही. ती पुस्तिका त्या वेळी ज्यांनी घरी नेली त्यांतल्या बहुतेकांनी ती टाकून दिली असणार. थोड्या प्रती राहिल्या म्हणून तरुण मुलांचा तो गट नेमके काय म्हणत होता हे त्यांच्याच शब्दांत वाचता येते. नाहीतर म्हातारपणीच्या मुलाखतींवर भागवावे लागले असते, आणि आठवणी कशा बदलत जातात हे आपण घरोघरी बघतोच.

वाकणकरांच्या गावचा धडा

उज्जैनला एका मराठी माणसाने मोठे नाव मिळवून दिले. विष्णू श्रीधर वाकणकर. १९१९ साली नीमचला जन्म, पेशाने चित्रकार आणि चित्रकलेचे शिक्षक. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन ही कलासंस्था चालवली. १९५७ साली भोपाळकडे रेल्वेने जाताना खिडकीतून दिसलेल्या खडकांनी त्यांचे लक्ष वेधले आणि त्यातून भीमबेटकाची चित्रित गुहाघरे जगापुढे आली. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९८८ साली ते गेले, आणि २००३ साली भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यांनी आयुष्यभर गुहाचित्रांच्या नकला काढल्या, नाणी जमवली, जुने लेख उतरवून घेतले.

पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला पहिला धडा शिकवतात तो असा, की खापराचा तुकडा कुठे आणि कोणत्या थरात सापडला हे लिहून ठेवले नाही तर तो तुकडा मुका. दिसायला कितीही सुंदर असला तरी त्याच्यावरून काही सांगता येत नाही. छापील कागदाचे तसेच आहे. पत्रिकेवर 'शनिवार दि. १४, सायंकाळी ६ वाजता' एवढेच असते, साल नसते. गावातल्या लोकांना सभागृह माहीत, म्हणून पत्ताही अर्धाच असतो. छापणाऱ्याने ती आठ दिवसांसाठी छापलेली असते. ती मिळाली त्याच दिवशी मागच्या बाजूला पेन्सिलीने साल, गाव आणि 'कुणाकडून मिळाली' एवढे लिहिले तर पुढे तिच्यावरून काही सांगता येते. नुसते साठवणे आणि संग्रह करणे यात फरक आहे तो या दोन ओळींचा.

कोल्हापूरचा कवी, मुंबईची छपाई

आपल्या भागातल्या वाचकांना अभिमान वाटावा असे उदाहरण अरुण कोलटकरांचे. ते मूळचे कोल्हापूरचे. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्रात दृश्यकार म्हणून काम केले. तिथले मानाचे पुरस्कार त्यांनी अनेकदा मिळवले. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत लिहिणारा हा कवी पुस्तक कसे दिसावे याबद्दलही तितकाच काटेकोर होता.

१९५० च्या दशकात दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि कोलटकर यांनी 'शब्द' नावाचे अनियतकालिक काढले. ते सायक्लोस्टाइल केलेले होते, म्हणजे शाळेच्या प्रश्नपत्रिका निघत त्या यंत्रावर. पुढे अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे 'वाचा' अशी अनेक अनियतकालिके आली आणि गेली. यांचा कागद साधा, प्रती मोजक्या, वर्गणीदार त्याहून मोजके. अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' छापल्या.

त्याआधी, १९७६ साली, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाऊस' नावाची प्रकाशनसंस्था काढली. तिच्या मुखपृष्ठांची आखणी कोलटकरांनी केली. इंग्रजी 'जेजुरी' याच संस्थेचे पुस्तक. १९७७ साली त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. 'भिजकी वही' ला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर होईपर्यंत कोलटकर हयात नव्हते. सप्टेंबर २००४ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

मग काय झाले? अभ्यासकांना शोध लागला की या कवींचा इतिहास मोठ्या ग्रंथालयांत नाही, तो मित्रांच्या कपाटांत आणि ट्रंकांत पडून आहे. अंजली नेर्लेकर यांनी कोलटकर आणि त्या काळच्या द्वैभाषिक साहित्यावर लिहिलेले 'बॉम्बे मॉडर्न' हे पुस्तक २०१६ साली आले, त्याचा मोठा आधार ही अनियतकालिके आणि सुटे कागद आहेत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुंबईच्या या कवींच्या कागदपत्रांचा संग्रह उभा राहिला आहे. गिरगावात किंवा कोल्हापुरात एखाद्या घरी रद्दीत निघालेला अंक आता तिकडे हातमोजे घालून हाताळला जात असेल, तर आश्चर्य वाटायला नको.

बडोद्याचा विंचू

उज्जैनचे शिंदे, इंदूरचे होळकर, बडोद्याचे गायकवाड. या तिन्ही शहरांत मराठी वस्ती जुनी, आणि तिघांचा चित्रकलेशी संबंध जवळचा. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले ना. श्री. बेंद्रे १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागले आणि चित्रकारांची एक आख्खी पिढी तिथे घडली.

त्याच बडोद्यात १९६९ साली गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर या दोघा मित्रांनी 'वृश्चिक' हे मासिक काढले. वृश्चिक म्हणजे विंचू. नाव ठेवले तसा त्याने डंखही मारला. दिल्लीच्या ललित कला अकादमीच्या कारभारावर चित्रकारांनी जे आंदोलन उभारले, त्याचे ते मुखपत्रच बनले. त्यात कविता असत, वाद असत, आणि चित्रकारांनी स्वतः केलेली रेखाटने आणि लिनोकटही असत. लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा शाईने घेतलेला ठसा. १९७३ पर्यंत हे मासिक चालले आणि थांबले.

खक्कर व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट. १९७२ साली त्यांनी आपल्या प्रदर्शनासाठी जी पुस्तिका छापली ती अजून चर्चेत असते. नेहमीच्या पुस्तिकेत चित्रकाराचा गंभीर फोटो आणि भारदस्त परिचय असतो. खक्करांनी त्याची टर उडवून जेम्स बॉण्डसारख्या पवित्र्यातले आपले फोटो छापले. चित्रे भिंतीवर होती, पण पुस्तिकाही एक कलाकृतीच होती. ज्याने ती 'उगाच काहीतरी' म्हणून फेकली त्याने खक्करांचे एक काम फेकले.

'वृश्चिक' चे अंक आज कुणालाही वाचता येतात. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्ह या संस्थेने ते संगणकावर आणले आहेत. शेख यांनी स्वतःचे कागद जपले होते, म्हणून हे शक्य झाले.

तिकडे न्यूयॉर्क, इकडे मुंबई

परदेशात या प्रकाराला केव्हाच मान मिळाला. १९६३ साली एड रूशा या अमेरिकन चित्रकाराने रस्त्यावरच्या सव्वीस पेट्रोलपंपांच्या साध्या फोटोंचे एक छोटे पुस्तक काढले. पहिल्या आवृत्तीच्या फक्त चारशे प्रती, किंमत तीन-साडेतीन डॉलर. पेट्रोलपंपाचे फोटो कोण विकत घेणार, असेच तेव्हा लोक म्हणाले असतील. आज त्या पहिल्या प्रती मोठ्या संग्रहालयांत आहेत.

१९७६ साली, म्हणजे मुंबईत 'क्लिअरिंग हाऊस' निघाले त्याच वर्षी, न्यूयॉर्कमध्ये चित्रकारांनी केलेल्या पुस्तकांसाठी 'प्रिंटेड मॅटर' नावाची संस्था सुरू झाली. तिथे त्याच वर्षी सुरू झालेल्या 'फ्रँकलिन फर्नेस' या संस्थेने अशी पुस्तके जमवली आणि १९९३ साली तो संग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतला. दोन्ही शहरांतल्या कलावंतांना एकाच वेळी वाटत होते की मोठा प्रकाशक आणि मोठी गॅलरी यांची वाट न बघता आपले आपण छापावे. त्यांच्याकडे जपणारी संस्था लगेच उभी राहिली, आपल्याकडे ते काम घरांवर सोडले गेले.

अलीकडे आपल्याकडेही चित्र बदलते आहे. दिल्लीच्या छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी २००८ साली 'सेंट अ लेटर' या नावाने घडीची सात छोटी पुस्तके एका कापडी पेटीत घालून काढली. उघडून टेबलावर उभी केली की घरातल्या घरात प्रदर्शन! भोपाळच्या भारत भवनाने १९८७ साली आपल्या लोककला आणि आदिवासी कला संग्रहाचे जे पुस्तक काढले, ते आज त्या विषयाचा आधारग्रंथ मानले जाते. बेंगळुरूमध्ये २०२३ साली उघडलेल्या 'मॅप' या संग्रहालयात चित्रांच्या जोडीला जुन्या छापील जाहिराती आणि आगपेट्यांच्या छापांनाही जागा आहे.

माळा आणि अट्ट

आता आपल्या घराकडे येऊ. सीमाभागातल्या घरांत दोन भाषा नांदतात. मराठीतला माळा कन्नडमध्ये अट्ट होतो. धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेची जागा तर 'अट्ट' याच नावाने साऱ्या कर्नाटकात ओळखली जाते. मराठीत अनियतकालिकांची धामधूम होती तेव्हा कन्नडमध्ये गोपालकृष्ण अडिगांचे 'साक्षी' होते, धारवाडहून 'संक्रमण' निघत होते. आपल्यापैकी कित्येक घरांत एक काका मराठी मासिकांचे वर्गणीदार तर मामा कन्नड नियतकालिकांचे. एकाच ट्रंकेत दोन्ही भाषांचे अंक असू शकतात, आणि अशी ट्रंक पुण्यात किंवा बेंगळुरूत सापडणे कठीण.

दुसरी गोष्ट चित्रकारांची. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी किती विद्यार्थी घडवले याची मोजदाद नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेले रवी परांजपे (१९३५ ते २०२२) पुढे बोधचित्रकार म्हणून नावाजले. कलबुर्गीचे एस. एम. पंडित मुंबईत सिनेमाच्या पोस्टरांसाठी आणि कॅलेंडरांसाठी गाजले. या कलावंतांची मोठी चित्रे श्रीमंतांकडे गेली. पण त्यांनी सजवलेली कॅलेंडरे, मासिकांची मुखपृष्ठे, प्रदर्शनांच्या पत्रिका सामान्य घरांत आल्या. देवघरातल्या रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीला आज संग्रहालयात जागा मिळते, मग या कागदांनी काय पाप केले?

सीमाभागातल्या पत्रिकेची एक खासियत आहे. ती बहुधा दोन लिपींत असते. एका बाजूला 'सस्नेह निमंत्रण', दुसऱ्या बाजूला 'आमंत्रण पत्रिके'. कोणती भाषा आधी, कोणती नंतर, पाहुण्याचे नाव कसे लिहिले, गावाचे नाव 'बेळगाव' की २०१४ नंतरचे 'बेळगावी', या सगळ्यांतून त्या त्या वर्षाची हवा कळते. राजकारणाच्या बातम्या वर्तमानपत्रांत सापडतात. पण दोन भाषांचे लोक एकाच सभागृहात चित्रे बघायला जमत होते, एकमेकांच्या मुलांचे कौतुक करत होते, याचा पुरावा अशा साध्या पत्रिकेतच मिळतो.

आणि वेळ थोडा आहे. हल्ली निमंत्रण मोबाइलवर येते आणि चार दिवसांनी फोनची जागा भरली म्हणून पुसले जाते. छापील पत्रिकेचा काळ ओसरत चालला आहे. माळ्यावर जे आहे त्यात नवी भर फारशी पडणार नाही, उलट दर साफसफाईला ते कमीच होत जाणार. सून विचारते, "आत्या, हे जुने कागद देऊ का रद्दीला?" आणि आत्याबाई म्हणतात, "दे गं, काय करायचंय ठेवून!" घरातली अज्जी मात्र "इरली बिडी" म्हणते. असू दे, राहू दे. या बाबतीत अज्जीचे ऐकावे.

काय जमवावे

सुरुवातीला एकच दिशा ठरवावी. आपल्या गावातले चित्रकार, किंवा एकच कलाशाळा, किंवा एकच दशक. सगळेच जमवायला गेले की त्याचा ढीग होतो.

मुंबईला गेलात तर जहांगीर कलादालनात डोकवा. १९५२ सालचे हे दालन, तिथली प्रदर्शने आठवड्याला बदलतात आणि चित्रकाराची पत्रिका बहुधा मागितली की मिळते. चित्रकार समोर असला तर त्याची सही घ्या. बेंगळुरूला जानेवारीत कर्नाटक चित्रकला परिषदेची 'चित्र संते' भरते. तिथे कलावंत रस्त्यावर बसून कार्डे आणि छोटे ठसे स्वतः विकतात. उज्जैनला जाणार असाल तर कार्तिकीच्या सुमारास जा, समारोहाच्या कार्यक्रमपत्रिका घेऊन या. २०२८ साली तिथे सिंहस्थ आहे, तेव्हा तर शहरभर छापील कागदांचा पाऊस पडेल. देवाचा प्रसाद आणाल, त्याबरोबर हेही आणा.

मूळ ठसा विकत घेताना थोडी काळजी घ्या. लिनोकट, एचिंग, शिळाछाप किंवा सिल्कस्क्रीन या पद्धतींनी कलावंत मोजक्या प्रती काढतो. चित्राखाली पेन्सिलीने '५/२५' असे लिहिलेले असते, म्हणजे पंचवीसपैकी पाचवी प्रत. शेजारी त्याची सही असते. ऑफसेटवर छापलेल्या नकलेला भिंगाखाली धरले की रंगांचे बारीक ठिपके दिसतात. ती वाईट असते असे नाही, पण मूळ ठशाचा भाव तिला देऊ नये. विकणाऱ्याने पावती दिली नाही तर तिथेच थांबावे.

कसे जपावे

आपल्याकडचा पावसाळा कागदाचा मोठा शत्रू. आंबोली, चंदगड, खानापूर पट्ट्यात तर भिंतींनाही ओल येते. काही साधे नियम पाळले तरी पुष्कळ निभावते.

कागद घड्या उलगडून सपाट ठेवावेत. टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड आधी काढावेत. टाचणीचा गंज कागद खातो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी कधीही लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडून डाग सोडते. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते केल्यावर कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. वास येणारी स्वस्त प्लास्टिकची पाकिटे टाळावीत. चांगला कागद वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये, कारण वर्तमानपत्राच्या कागदातले आम्ल त्याला पिवळे पाडते. आम्लरहित कागदाची फोल्डरे मोठ्या शहरांतल्या चित्रकला साहित्याच्या दुकानांत मिळतात.

पेटी जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नये. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, एकदा सगळे उघडून सावलीत वारा द्यावा. कडक उन्हात वाळत घालू नये, शाई उडते. कसर आणि झुरळे बघावीत. डांबरगोळ्या कागदाला थेट लागू देऊ नयेत.

पत्रिका ज्या पाकिटातून आली ते पाकीटही ठेवावे. त्यावर पोस्टाचा शिक्का असतो, आणि साल नेमके तिथेच सापडते. शेवटी एक वही घालावी. अनुक्रमांक, काय आहे, कुणाचे, केव्हाचे, कुठून आले. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, पण लिहा. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम दिले तर त्यांना आवडते, आणि आजोबांना बोलते करायला कारण मिळते.

पुढे काय

संग्रह वाढला आणि पुढच्या पिढीला त्यात रस नसला तर रद्दीवाल्याआधी ग्रंथालयाचा विचार करावा. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. आपल्या भागाला असा वारसा आहे. गावातले वाचनालय असो की जवळचे कला महाविद्यालय, देण्याआधी तिथे जाऊन भेटावे, जागा आहे का, सांभाळणारे कुणी आहे का हे विचारावे. वहीची एक प्रत सोबत द्यावी आणि पोच घ्यावी. द्यायचे नसेल तर निदान मोबाइलवर प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत.

पैसे मिळतील म्हणून हे करू नये. क्वचित मिळतातही, बहुधा मिळत नाहीत. कोलटकरांचा कोल्हापुरी वर्गमित्र, के. बी. कुलकर्णींचा एखादा विद्यार्थी, वाकणकरांकडे उज्जैनला शिकलेला एखादा मराठी मुलगा, यांनी कधीतरी एक पत्रिका जपून ठेवली असेल, आणि तीच त्या कलावंताच्या एखाद्या प्रदर्शनाची जगातली शेवटची प्रत असेल. ती कुणाच्या माळ्यावर आहे हे त्या घरालाही माहीत नसते.

तेव्हा येत्या दिवाळीला शिडी लावून माळा उतरवाल, तेव्हा वजनकाटा येण्याआधी एक दुपार काढा. घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवा. एक रिकामी पेटी, एक पेन्सिल आणि एक वही घ्या. चित्रकाराचे नाव असलेला प्रत्येक कागद बाजूला काढा, त्याच्या मागे साल लिहा, आणि मगच उरलेल्याची रद्दी होऊ द्या.